अक्कांच्या कानाखालून गेलेल्या मोटारी

अक्कांच्या कारखान्यात रडायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, कारण पाटीला रंग लागतो आणि अक्कांच्या मते रंग फक्त पंपाच्या मोटारीला द्यायचा असतो. पण नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. "रडायचं असंल तर गेटाभाईर जाऊन रड. हितं वार्निश वलं हाय."

मी तेव्हा समाजकार्याची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. दुःखी स्त्रीजवळ किती अंतरावर बसावं, ऐकताना मान किती कलती ठेवावी, याचं मला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेलं होतं. त्यामुळे कामाच्या पहिल्याच दिवशी शेडच्या कोपऱ्यात एक बाई रडताना दिसली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि मान कलती केली. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून, ग्राइंडरचा आवाज कापत, हाक आली.

"ए बाप्या! ती तिची तिची रडून घेईल की! तू कशाला खुर्ची घातलीस? तिकीट लावणार हायस व्हय?"

रडणारी बाई म्हणजे शालन. राधानगरीकडची. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला तेव्हा दोन पोरी आईजवळ ठेवून ती कसबा बावड्यात भाड्याच्या खोलीत राहायला आली होती आणि कुणाच्या तरी ओळखीनं अक्कांकडे कामाला लागली होती. हाक ऐकून ती उठली, गेटाबाहेर गेली, पोटभर रडली, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन एका जळक्या मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायला बसली. मी खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

कारखाना म्हणजे कोल्हापूरच्या याच बावड्यात उसाच्या रानाला लागून असलेली एक पत्र्याची शेड. शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी तिथे यायच्या आणि बायका त्या भरून द्यायच्या. म्हणजे जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं, बेरिंग बदलायचं. मूळ दुकान अक्कांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. अक्का सीमेपलीकडच्या व्यापारी घरातल्या. लग्न होऊन इकडे आल्या त्या तोंडात निम्मी कानडी घेऊन. मालक गेले, तेव्हा दुकानात काम करणारी पोरंही एकेक करून पुण्याच्या कंपन्यांत गेली. ऐन उसाला पाणी द्यायच्या दिवसांत शेवटचा मेस्त्री न सांगता पळाला. दारात मोटारी पडलेल्या आणि शेतकरी शिव्या देत उभे. अक्कांनी समोरच्या रानात भांगलण करणाऱ्या मुमताजला हाक मारली आणि म्हणाल्या, "खुरपं ठेव आणि ही तार धर." महिला सक्षमीकरणाची ती सुरुवात. मुमताजच्या पाठोपाठ तिची जाऊ आली, मग कोडोलीची एक विधवा आली, मग नवऱ्यानं टाकलेल्या, नवऱ्याला टाकून आलेल्या, अशा भरतच गेल्या.

अक्कांना वाटत होतं, आपण दुकान चालवतोय. पण एखादा माणूस सहज रक्त तपासायला जावा आणि त्याला शुगर निघावी, तसा एके दिवशी पुण्याच्या एका संस्थेला अक्कांच्या दुकानात सामाजिक उपक्रम निघाला. संस्थेनं पैसे दिले, भट्टी दिली आणि वर मलाही दिलं. माझं पद होतं 'विस्तार समन्वयक'.

"विस्तार?" अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुणाचा? तुझा? तू तर चिपाडावानी हायस. चा पिणार काय?"

इलकल लुगडं, त्यावर मालकांचा खाकी शर्ट, कमरेला पक्कड आणि कपाळावर विभूतीचे पट्टे, असा त्यांचा अवतार असे. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. रागावल्या की "सुम्म बस" म्हणायच्या, म्हणजे गप्प बस. आणि तेही एवढ्या मोठ्यांदा, की आजूबाजूच्या रानातलीसुद्धा माणसं गप्प बसावीत. फोन उचलायच्या नाहीत. "फोनवर माणूस खोटं बोलतंय," हे त्याचं कारण. मी ते एका अहवालात 'प्रत्यक्ष संवादावर भर' म्हणून घातलं.

मी बराच काळ त्यांच्यात एक थोर समाजसुधारक शोधत होतो. तशी लक्षणंही दिसत. उदाहरणार्थ, कामावर काचेच्या बांगड्या घालायच्या नाहीत, असा त्यांचा हुकूम होता. सगळ्यांचेच हात मोकळे, त्यामुळे शेडमध्ये विधवा कोण आणि सवाष्ण कोण हे ओळखता येत नसे. मी भारावून गेलो. रूढींना दिलेल्या या मूक धक्क्यावर चार पानं लिहिली आणि अक्कांना वाचून दाखवली.

"काय बी लिवतोस," अक्का म्हणाल्या. "बांगडी पिचली की काच तारंत जाती. तार सोलती. मोटार जळती."

एका बाईची सासू याच बांगड्यांवरून भांडायला आली होती. "माझा ल्योक जित्ता हाय अजून! सुनंचं हात मोकळं का?"

"ल्योक कामाला जातोय का?"

"न्हाई."

"मग बांगड्या त्येच्या हातात घाला. हिच्या हाताला काम हाय."

सासू शिव्या देत निघून गेली. पुढे तिच्याच पंपाची मोटार जळली, तेव्हा मात्र ती आमच्याकडेच घेऊन आली. अक्कांनी तिला चहा पाजला आणि पैसे पूर्ण घेतले.

संस्थेच्या भाषेत आमच्या बायका 'वंचित' होत्या. अक्कांना तो शब्द कळेना. मी समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतला, निदान मला तसं वाटलं, आणि म्हणाल्या, "हितं वंचित मोटारी येत्यात. बायका कामाला येत्यात."

सगळं काम बायका करत, पण शेवटची तपासणी अक्कांची. तयार मोटार टेबलावर चालू करायची. अक्का स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायच्या, मूठ कानाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. बेरिंग कुरकुरतंय का, पंखा घासतोय का, सगळं त्यांना त्या दांडीतून ऐकू यायचं. मग "जाऊ दे" म्हणाल्या की मोटार गेटाबाहेर. पंचक्रोशीतले शेतकरी पावती बघायचे नाहीत, फक्त विचारायचे, "अक्कांनी कान लावलाय न्हवं?"

पुढे संस्थेच्या पुण्याच्या मॅडम भेटीला आल्या. राधानगरीला दुसरी शाखा काढावी असा विचार चालला होता आणि त्याआधी त्यांना अक्कांचं 'अंतरंग' समजून घ्यायचं होतं. मॅडम फार मृदू बोलायच्या. एवढ्या मृदू, की समोरच्याला आपणच काहीतरी अपराध केलाय असं वाटावं. ग्राइंडर चालू होते.

"अक्का, बाईच्या आयुष्यात खरा बदल कशानं येतो?"

"बेरिंगनं," अक्का तत्काळ म्हणाल्या. "तार कितीबी चांगली भरा, आतलं बेरिंग खराब असलं तर चार दिवसांत जळतंय."

मॅडमचं पेन थांबलं. डोळे पाणावले. त्यांच्या सहकाऱ्यानं हळूच "वा" म्हटलं.

"आणि तुमची प्रेरणा? ती कुठून आली?"

"ती भाईर हाय. गेटाजवळ, डाव्या हाताला. पर पाणी घिऊन जावा, नळ बंद हाय."

सहकाऱ्यानं 'डाव्या' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर अक्कांचा तेलकट हात होता आणि खाली ओळ होती: 'आतलं बेरिंग बदलूया.'

पाहुणे गेल्यावर मी शालनला म्हणालो, "काय उत्तरं दिली अक्कांनी!"

शालन तोवर कारखान्यातली पक्की कारागीर झाली होती. तिनं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. "सर, अक्कास्नी ऐकू येत न्हाई."

"काय?"

"तुमास्नी बी येत न्हाई काय? अक्कास्नी ऐकू येत न्हाई! मागल्या पावसाळ्यापास्नं लईच कमी झालंय."

मग एकेक उलगडत गेलं. ते ओरडणं, तो न उचललेला फोन, ती बाणेदार उत्तरं. आणि तो कान? तर अक्कांनी "जाऊ दे" म्हटलं की मोटार गेटाजवळ न्यायची, अक्कांची पाठ वळली की तिथल्या खांबावरच्या प्लगवर परत चालू करायची आणि मुमताज किंवा शालननं कान लावायचा. काही खोट निघाली की शेतकऱ्याला सांगायचं, "वार्निश वलं हाय, उद्या या." अक्का जेवायला घरी गेल्या की बेरिंग बदलायचं.

"मग त्यांना सांगत का नाही?"

"कोण सांगणार? तुम्ही सांगा की," मुमताज म्हणाली.

मी विस्तार समन्वयक होतो. ऐकण्याचा विषय माझ्या खात्यात येत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर व्यवस्था उत्तम चालली होती. अक्का तपासत होत्या, बायका अक्कांना तपासत होत्या, मी दोन्हीकडचे अहवाल पाठवत होतो. पण राधानगरीची शाखा मंजूर झाली आणि सगळं अडलं. तिकडे नदीला, धरणाखाली, भाताला आणि उसाला मोटारीच मोटारी. आणि जळाली की कोल्हापूरपर्यंत टेम्पो करून आणायची. शाखेची प्रमुख शालन होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एका अक्कांनी सोडून.

"शाखा न्हाई आणि फांदी न्हाई," अक्का म्हणाल्या. "टेस्टिंग कोण करणार तितं? माझा कान काय यष्टीनं पाठवू?"

मी मोठ्यांदा सांगून बघितलं, लिहून दाखवलं. संस्थेनंही कळवलं, की महिनाअखेर निर्णय झाला नाही तर पैसे साताऱ्याकडच्या अळंबी प्रकल्पाला जातील. अक्का म्हणाल्या, "जाऊ देत. अळंबीला बेरिंग नसतंय."

त्या रविवारी शालन पोरींना भेटून आली आणि सोमवारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "सर, धाकटी आजीला आई म्हणाया लागलीया. मी गेलो तर आत पळाली. कोण आलंय म्हणून इचारत होती." एवढं सांगून ती सवयीनं गेटाकडे वळली, मग थांबली. त्या दिवशी ती बाहेर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालननं भंगारातून एक फुटलेलं बेरिंग काढलं, ते एका मोटारीत बसवलं आणि ती मोटार तपासणीच्या टेबलावर चढवली. तिनं सगळे ग्राइंडर बंद करायला लावले आणि बटण दाबलं.

पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज आला. रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला सायकल थांबवून आत बघायला लागला. अक्कांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"गुळावानी चाललीया," अक्का म्हणाल्या. "जाऊ दे."

कुणीच हललं नाही. अक्कांनी डोळे उघडले. "काय झालं? उचला की."

शालन ओरडली नाही. तिनं अक्कांचा हात धरला आणि त्यांचा तळवा मोटारीच्या तोंडाशी, बेरिंगच्या जागी ठेवला. कानाच्या भरवशावर अक्कांनी गेली कित्येक वर्षं तिथे हात लावलाच नव्हता. तळव्याला काय कळायचं ते कळलं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"कवापास्नं?"

"मागल्या पावसाळ्यापास्नं," शालन त्यांच्या कानाशी म्हणाली.

"आणि ज्या भाईर गेल्या त्या?"

"आम्ही गेटाजवळ परत ऐकत हुतो."

अक्कांनी मुमताजकडे बघितलं. मुमताजनं मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं. अशा प्रसंगी मान कलती ठेवायची असते. मी जमिनीकडे बघितलं.

"चालती हो," अक्का शालनला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

शालननं आपला डबा उचलला आणि गेली. सक्षम झालेल्या बाईला हाकलून द्यायची तरतूद आमच्या कुठल्याच अहवालात नव्हती. अक्कांनी बाकीच्यांनाही घरी पाठवलं आणि शेडचं दार आतून लावून घेतलं.

दोन दिवस शेड बंद. आतून मात्र ठोकाठोकीचे आवाज. मधूनच एखादी मोटार चालू झाल्याचं ऐकू यायचं, मग परत हातोडा. मुमताज आणि मी गेटावर उभे.

"मालकांच्या येळच्या मोटारी फोडाय लागल्या काय वं?" मुमताज कुजबुजली. खरं तर कुजबुजायची काही गरज नव्हती.

शेतकरी येऊन तापायला लागले. "पावणं, ऊस वाळाय लागलाय. दार का लावलंय?" मी म्हणालो, "अंतर्गत मूल्यमापन चालू आहे." तोंडाला येईल ते बोललो होतो, ते खरं निघालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. अक्कांचे डोळे सुजलेले होते. वार्निशमुळे असणार. "रिक्षा बघ," त्या मला म्हणाल्या. आम्ही शालनच्या खोलीवर गेलो. शालन गाठोडं बांधून राधानगरीला निघायच्या तयारीत होती.

"चल," अक्का दारातून म्हणाल्या.

"मला हाकललंय तुम्ही."

"काय म्हनती?" अक्कांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"कामावरनं हाकललं. परीक्षेला बसू नगं म्हटलं का?"

शेडमध्ये मोटारी ओळीनं मांडल्या होत्या. मालकांच्या वेळच्या चांगल्या मोटारी अक्कांनी स्वतःच्या हातानं बिघडवल्या होत्या. कुणाच्या बेरिंगमध्ये वाळू घातलेली, कुणाचा दांडा जरासा वाकवलेला, कुणाचा पंखा झाकणाला घासेल असा बसवलेला. कुठल्या मोटारीत काय केलंय हे अक्कांना पाठ होतं. ऐकायची त्यांना गरजच नव्हती. ज्याला ऐकू येत नाही तो ऐकण्याची परीक्षा कशी घेणार, हा प्रश्न मला दोन दिवस पडला होता. अक्कांनी तो हातोड्यानं सोडवला होता.

एकेक बाई येऊन कान लावायची आणि उत्तर अक्कांच्या कानात ओरडायची. कुणी दोन ओळखल्या, कुणी एकही नाही. मुमताज एकाच ठिकाणी चुकली. मलाही बसवलं. मला सगळ्याच मोटारी चालू वाटल्या.

शालन शेवटी आली. दांडी टेकवायची, डोळे मिटायची, सांगायची. "वाळू हाय." "पंखा." "दांडा वाकलाय, पर लई न्हाई." अक्कांचा चेहरा दगडी. शेवटच्या मोटारीपाशी ती बराच वेळ थांबली. दांडी या बाजूनं लावली, त्या बाजूनं लावली.

"हिच्यात काय न्हाई."

"नीट ऐक."

"ऐकलं. काय न्हाई."

"मी दोन दिवस काय माश्या मारत बसलोतो? बघ परत!"

"अक्का, ही चांगली मोटार हाय," शालन ओरडली. "तुम्ही कितीबी वरडा, ही चांगलीच हाय!"

अक्कांनी बटण बंद केलं. हात शर्टाला पुसले. "राधानगरीला जागा बघितलीस काय?" त्यांनी विचारलं. "पत्रा नवा घाल. पाऊस लई असतोय तिकडं."

शाबासकी, हार, प्रमाणपत्र काही नाही. मीच नंतर अहवालात थोडी टाळ्यांची भर घातली.

बावड्याची तपासणी मुमताजकडे गेली. मी अक्कांना डॉक्टरकडे नेलं, कानाचं यंत्र बसवलं. आठवडाभर त्यांनी ते लावलं. मग काढून पेटीत ठेवलं. "माणसं एवढं बारीक आवाजात बोलत्यात," त्या म्हणाल्या, "आणि त्यात काय बी नसतंय."

राधानगरीची शाखा भर पावसात उघडली. नव्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की मॅडमचं मृदू भाषण कुणालाच ऐकू गेलं नाही. त्या दिवशी अक्का आणि बाकीचे श्रोते एका पातळीवर होते. शालनच्या पोरी आजीला धरून भिंतीकडेला उभ्या होत्या. पहिली मोटार होती एका म्हाताऱ्या भातवाल्याची. शालननं ती चालू केली, कान लावला आणि म्हणाली, "जाऊ दे."

म्हातारा जागचा हलेना. तो कोल्हापूरच्या अक्कांचं नाव ऐकून आला होता. त्यानं खाकी शर्टावरून अक्कांना ओळखलं आणि जवळ आला.

"अक्का, तुम्ही एकदा कान लावा की."

अक्का त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्यानं परत सांगितलं, आणखी मोठ्यांदा. मॅडम बघत होत्या. बावड्याहून आलेल्या सगळ्या बायका बघत होत्या. शालननं स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला, देऊ का नको अशा हातानं. अक्कांनी तो घेतला नाही.

"मला ऐकू येत न्हाई," अक्का म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात, म्हणजे पाऊस असूनही रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं वळून बघतील अशा. "लई दिस झालं. तिला इचार."

म्हाताऱ्यानं एकदा अक्कांकडे बघितलं, एकदा शालनकडे.

"बाई, नेऊ का मग?"

"न्या की," शालन म्हणाली.